इंजिन तापेपर्यंत

आमच्या गावात मिंचोला कुणी "बसा" म्हणत नसे. दोब्रुजाच्या सपाट रानावर सामूहिक शेतीचं औषध फवारणारं विमान तो चालवायचा आणि मी त्याचा मेकॅनिक. तोंडाचा फाटका माणूस. खानावळीत शिरला की शेजारची टेबलं रिकामी व्हायची. त्यालाही तेच हवं असायचं.

आदल्या वर्षी लसूणघास फुलात असताना त्याने फवारलं आणि स्तॉयना काकूच्या मधमाश्या झाडून मेल्या. नवऱ्यामागे त्या पेट्यांवरच तिचं पोट होतं. तेव्हापासून मिंचो दिसला की ती रस्त्यात थुंकायची.

"घरी जाऊन थुंक, म्हातारे," हा म्हणायचा.

या जूनमध्ये घास पुन्हा फुलावर आला. काकूनेही कर्ज काढून पेट्यांत नव्या माश्या आणल्या होत्या. फटफटायला लागलं तसं आम्ही विमान सुरू केलं. ही जुनी इंजिनं हट्टी. तेल गरम होऊन पातळ होईस्तोवर त्यांना जमिनीवरच घुरघुरत ठेवावं लागतं, नाहीतर हवेत दगा देतात. मिंचोने काटा बघून हात वर केला. मी चाकाखालची अडण ओढायला वाकलो, तोच शेपटीकडून स्तॉयना काकू आली आणि त्या अडणीवरच फतकल मारून बसली.

"काकू, उठा! पुढे पंखा फिरतोय!"

"फिरू दे! तुझ्या त्या राक्षसाला सांग, आधी मला चिरड म्हणावं."

मिंचोने इंजिन बंद केलं आणि शिव्या देतच खाली उतरला.

"मरायचंय तर विहिरीत जा ना! माझ्या चाकाखाली कशाला?"

"माझ्या माश्या मारल्यास, मुडद्या!"

"पेट्या झाकायच्या होत्यास! आदल्या दिवशी गावात निरोप गेला होता."

"कुणी दिला निरोप? बोलव त्याला! कुत्रंसुद्धा आलं नाही सांगायला."

तेवढ्यात शेतीचे अध्यक्ष गेन्को दोन गडी घेऊन जीपमधून उतरले.

"निरोप दिला होतात म्हणे तुम्ही?" मिंचोने विचारलं.

"निरोप दिला की सगळी रडत दारात येतात. माझं पीक बघू का हिच्या माश्या? तू विमान हाकायचं. उचला रे हिला!"

गड्यांनी तिला दंडाला धरून बाजूला फरफटत नेलं. मिंचो वर चढला. इंजिन सुरू झालं, मी अडण काढली, पण विमान हलेना.

"काय झालं आता?" अध्यक्ष ओरडले.

"गार पडलंय! तापायला हवं!"

काटा मला खालून दिसत नव्हता, पण इंजिनाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मी तोंड उघडलं नाही. मिंचोने खिडकीतून मान काढली.

"बघत काय उभी राहिलीस, चेटकिणी? मला वेळ आहे. तुला पाय आहेत ना?"

आणि इंजिन असं गरजवलं की गावातली कुत्री भुंकायला लागली. काकू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग धावत सुटली. माश्या अजून पेट्यांतच होत्या. तिने घरोघरी दारं बडवली, लोकांनी पेट्यांची तोंडं बंद करून वर ओली पोती टाकली. मग कुठे विमान उडालं.

फूल असेपर्यंत रोज तेच. तो गावाकडे तोंड करून इंजिन गरजवत बसायचा, अध्यक्ष खालून शिव्या घालायचे, आणि हा वरून दुप्पट परत करायचा. शरदात त्यांनी त्याची बदली दूर डोंगराकडे करवली.

तो बसमध्ये चढला त्या सकाळी काकू रस्त्यापलीकडे उभी होती. मला वाटलं, एखादा शब्द तरी बोलेल.

"गेली पीडा," ती म्हणाली.

मिंचोने ऐकलं. "तुझ्या माश्यांनी तुलाच डसावं," म्हणाला आणि आत जाऊन बसला.

पुढच्या फुलाआधी काकू गावातल्या बायका घेऊन अध्यक्षांच्या कचेरीत ठाण मांडून बसली. त्या वर्षीपासून निरोप आदल्या संध्याकाळी यायला लागला.