वर ऊन आहे

रेजिन रपलाँला निवृत्तीच्या दिवशी फुलं नको होती. भाषण नको होतं. आपल्या आईनं एकदा आपली सहल ऐकावी, एवढंच तिला हवं होतं.

तीस वर्षं ती पाहुण्यांना आल्प्समधलं हे ग्रनोबल शहर दाखवत होती. आणि तीस वर्षं संध्याकाळी घरात पाऊल ठेवलं की तिची आई, ओर्तांस आजी, विचारायची, "आलीस फिरून?"

"कामावरून आले, आई."

"तेच ते. फिरून."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. साहित्य शिकायला या शहरात आले, पदवी घेतली, आता पुस्तकांच्या दुकानात काम करते. रेजिन माझ्याहून दुपटीनं मोठी. पहिल्याच आठवड्यात तिनं मला अहो-जाहो बंद करायला लावलं. जिन्यात भेटली की म्हणायची, "या, साहित्यिक बाई. माझ्या आईला समजेल असं एखादं वाक्य सुचतंय का?" मला कधी सुचलं नाही.

आमची इमारत नदीच्या काठावर, किल्ल्याच्या डोंगराला टेकून उभी आहे. पलीकडच्या काठावरून रोपवे निघतो, नदी ओलांडतो, आमच्या छपरांवरून सरकत किल्ल्यावर जातो. त्याचे डबे म्हणजे काचेचे गोळे. चार-पाच एकामागोमाग, माळेसारखे. गावात त्यांना सगळे बुडबुडेच म्हणतात. रेजिन रोज त्या बुडबुड्यांतून जायची. आजी एकदाही गेली नव्हती.

आजीनं आयुष्यभर हातमोजे शिवले. करडाच्या कातड्याचे, पॅरिसच्या बायकांसाठी. कापलेले तुकडे घरी यायचे, शिवलेले जोड परत जायचे. त्यामुळे कामाबद्दल तिचं मत पक्कं होतं.

"संध्याकाळी माझ्या टेबलावर जोड असायचे," ती म्हणायची. "तुझ्या टेबलावर काय असतं?"

रेजिनच्या टेबलावर तिचे पाय असायचे. गुडघ्यांवर बर्फाची पिशवी.

आधी ती बुटांच्या दुकानात होती. लग्न केलं, मोडलं, आईकडे परत आली, आणि मग हे काम धरलं. सकाळी जुनं गाव, कारंजी, चर्चखालचं भुयार. दुपारी किल्ला. उन्हाळ्यात गाडी भरून बाहेर: नदीवर लोंबणारी घरं, भिक्षूंच्या हिरव्या दारूची तळघरं, अक्रोडाच्या बागा. लोक तिला विचारायचे, लाकडी घरं कुठायत? गळ्यात घंटा बांधलेल्या गाई कुठायत? हे शहर इतकं करडं का? ती हसून उत्तर द्यायची आणि घरी येऊन भांडी आदळायची.

"गाई हव्यात यांना! चौकात ट्राम बघून तोंड वाकडं करतात. मी काय गाई खिशात घेऊन फिरू?"

"फिरतेस ना," आजी म्हणायची. "मग खिशात घे."

आईला सहलीला नेण्याचे प्रयत्न मी स्वतः पाहिलेत. एकदा आजीचा गुडघा दुखत होता. एकदा केशकर्तनाची वेळ ठरली होती. एकदा ती चक्क कोट घालून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "चुलीवर सूप आहे." सूप नव्हतं. मी आत जाऊन पाहिलं.

जानेवारीत रेजिननं शेवटचं अस्त्र काढलं. "माझ्या शेवटच्या सहलीला आली नाहीस, तर रविवारी मी तुझ्याबरोबर जेवणार नाही."

"मग कुठे जेवशील? वर, सोलेनकडे? ती पोरगी अंडं करपवते."

"करपलेलं खाईन."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. "येते," ती म्हणाली. "तुझं पोट बिघडायला नको."

सहलीच्या त्या शनिवारी धुकं होतं. पूल अर्धाच दिसत होता. पण आमच्याकडे धुक्यापायी कुणी बेत रद्द करत नाही. हिवाळ्यात धुकं दरीवर झाकणासारखं बसतं आणि आठवडा आठवडा हलत नाही. झाकणाच्या वर मात्र लख्ख ऊन असतं. खाली पांढरा समुद्र, त्यात बेटांसारखी शिखरं. म्हणून पावाच्या दुकानात, ट्रामच्या थांब्यावर, दातांच्या डॉक्टरकडेही एकच वाक्य ऐकू येतं. वर ऊन आहे. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन वर जातात, शर्ट काढून बसतात.

वर खरंच ऊन आहे का, हे फोनवर कळतं. किल्ल्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. रेजिन ते बघत नसे. ती उतरणाऱ्यांचे चेहरे बघायची. डोळे किलकिले, कोट उघडे, नाक लाल म्हणजे ऊन. आणि काळा चष्मा दिसला की मग प्रश्नच नाही. गावातले निम्मे लोक असंच करतात. मीही करते.

तिचा गट बेल्जियमचा होता, निवृत्त पोस्टमन आणि त्यांच्या बायका. त्यांचा पुढारी लाम्बेर नावाचा उंच गृहस्थ. रोपवेच्या खालच्या स्थानकाशी तो वर बघून म्हणाला, "बाई, तारसुद्धा दिसत नाही. आपण संग्रहालयात जाऊ या का?"

"थांबा," रेजिन म्हणाली.

आजी बाकावर बसली होती. डोक्याला रुमाल, हातात काठी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. "मी म्हटलं होतं," ती मला म्हणाली. काय म्हटलं होतं ते सांगितलं नाही.

धुक्यातून बुडबुडे आले. पहिल्यात मार्सो होता, रोपवेचा जुना कर्मचारी. त्यानं काळा चष्मा लावला होता.

"चष्मा!" रेजिन ओरडली. "बघितलात? चष्मा! चला, चला, सगळे चला!"

तिनं आईला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. मी त्यांच्यासमोर बसले. दार मिटलं. नदी गेली, छपरं गेली. काचेबाहेर नुसता कापूस.

"आता फुटेल," रेजिन म्हणाली. "आता. त्या खांबानंतर."

खांब गेला. कापूस तसाच.

वर दार उघडलं तेव्हा मला समोरचा कठडाही दिसेना. रेजिन धावत तिकीट-खिडकीशी गेली. आतली बाई म्हणाली, "ऊन? सकाळपासून नाही. आज धुकं वर चढलंय."

"पण मार्सो! त्याचा चष्मा!"

"अगं, त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर लावायचाय."

रेजिन तिथेच उभी राहिली. मग तिनं मागून येणाऱ्यांना खूण म्हणून छत्री उंच धरली आणि गटाला वरच्या गच्चीवर नेलं. तिथे दगडी कठड्यावर शिखरांचा नकाशा बसवलेला आहे.

"तुमच्या डावीकडे बेलदोनची रांग," ती म्हणाली. "उजवीकडे व्हेर्कोर. आपल्या पाठीशी शार्त्रेझ."

"डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं," लाम्बेर म्हणाला. "समजलं."

बायका हसल्या. मागून एकानं कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "आणि ते माँ ब्लाँ ना?"

आणखी हशा. रेजिन पुढे बोलू लागली, पण कुणी तरी गरम वाइनचं नाव काढलं. सगळा गट उपाहारगृहाकडे वळला. लाम्बेरनं जाताना तिच्या खांद्यावर थोपटलं. "तुमचा दोष नाही हो," तो म्हणाला. तेच तिला सर्वांत जास्त लागलं, असं मला वाटतं.

गच्चीवर आम्ही तिघी उरलो. रेजिननं छत्री कठड्यावर आपटली.

"तीस वर्षं, आई! तीस वर्षं हे डोंगर रोज इथे होते. तू नव्हतीस. आज तू आलीस आणि डोंगर नाहीत! गुडघा, केस, सूप! एक दिवस, एक तास मागितला होता तुझ्याकडे! लोकांच्या आया मुलांच्या नाटकात जातात, फुटबॉलला जातात, पावसात उभ्या राहतात!"

आजी बाकावर बसली. काठी शेजारी ठेवली.

"मी खिडकीशी बसायचे," ती म्हणाली. "उजेड तिथेच होता. सारखे वरून बुडबुडे जायचे. आत माणसं. बोटं दाखवायची. ते बघा, ते बघा. काय बघायचं? मी शिवत होते. एकदा एकानं फोटो काढला. माझ्या केसांना कर्लर होते."

रेजिननं छत्री कठड्याला टेकवून ठेवली.

"मग तू एक दिवस आलीस आणि म्हणालीस, आई, मला काम मिळालं. त्याच बुडबुड्यांत बसून बोट दाखवायचं काम. मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या?"

"हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू म्हणायचीस, चल. का येत नाहीस, असं म्हणाली नाहीस."

"मी कुणाच्या खिडक्या दाखवत नाही, आई. छपरं दाखवते. धुराडी दाखवते."

"खालची पाववाली सांगते मला. तू म्हणतेस, या घरांत हातमोजे शिवणाऱ्या बायका राहायच्या. म्हणतेस ना?"

"म्हणते," रेजिन म्हणाली.

"राहायच्या?" आजी म्हणाली. "मी अजून राहते."

मी कठड्याकडे पाहत होते. नकाशावर शिखरांची नावं होती, त्यांवर पाण्याचे थेंब. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

आजीनं पर्समधून रुमालात बांधलेला अक्रोडाचा केक काढला. एक तुकडा मला दिला, एक रेजिनपुढे धरला. रेजिननं घेतला नाही.

"बरं, आता बोल," आजी म्हणाली. "इतकी वर आलेय ती काय केक खायला?"

"काय बोलू? काही दिसत नाही."

"मी बघायला नाही आले. ऐक म्हणून तूच मागे लागली होतीस."

रेजिन कठड्याशी गेली. आधी चिडून बोलली, शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा. किल्ला कुणी बांधला, तोफा कुठे होत्या, नद्या कुठे मिळतात. पांढऱ्या भिंतीत हात करून ती शिखरं दाखवत होती. हळूहळू आवाज बदलला. मी ही सहल अनेकदा ऐकली होती, तरी अशी ऐकली नव्हती. घरांपाशी ती आली आणि अडखळली.

"नदीकाठच्या या घरांत हातमोजे शिवणाऱ्या बायका..." ती थांबली. "राहतात. एक तरी राहते."

आजी केक चावत होती. तिनं ओठ पुसले.

"फार भरभर बोलतेस," ती म्हणाली.

"एवढंच?"

"आवाज पोचतो."

रेजिननं माझ्याकडे पाहिलं. ती रडेल की आईला तिथेच सोडून जाईल, मला कळेना. तिनं केकचा तुकडा घेतला.

गट वाइन पीत बसला होता, त्यांना पुढच्या फेरीत यायचं होतं. आम्ही तिघी आधी निघालो. बुडबुडा खाली सरकला आणि निम्म्या वाटेवर एकदम कापूस संपला. खाली ऊन होतं. सगळी दरी लख्ख. धुकं उचलून डोंगरावर बसलं होतं, नेमकं आम्ही होतो तिथे. नदी चमकत होती. काठावरच्या कॅफेत लोक काळे चष्मे लावून बसले होते.

"खाली!" रेजिननं काचेवर मूठ आपटली. "ऊन खाली! पुलावर उभं राहून सगळं दाखवता आलं असतं! संग्रहालयातून निघालो असतो तरी दिसलं असतं!"

"काच फुटेल," आजी म्हणाली.

मग छपरं आली. आमचं धुराडं, आमची खिडकी. आजी पुढे वाकली. तिचं बोट वर उठलं.

"ते बघ," ती म्हणाली. "ते बघ, पडदा उघडाच ठेवलास तू. स्वयंपाकघर दिसतंय आख्खं."

"आई, बोट खाली घे."

शेजारच्या गच्चीत बनियनमधला एक माणूस सिगारेट ओढत उभा होता. त्यानं वर पाहिलं, आजीचं बोट पाहिलं, आणि आपलंही एक बोट वर केलं. मधलं.

आजी हसायला लागली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. रुमाल सुटला, पर्स खाली पडली.

"मी पण हेच करायचे," ती म्हणाली. "रोज."

"कुणाला?"

"सगळ्यांना. तुझ्या गटांनासुद्धा. तू आत आहेस हे नंतर दिसायचं."

रेजिन तिच्याकडे बघत राहिली. "ते बोट दिसलं की मी लोकांना सांगायचे," ती सावकाश म्हणाली, "की ही इथली रामराम करायची पद्धत आहे. बेल्जियमचे, जपानचे, सगळे हौसेनं तसंच परत करून दाखवायचे."

"माहीत आहे," आजी म्हणाली. "दिसायचं."

खाली रांग लागली होती. ऊन पडलं म्हणून लोक वर निघाले होते. मार्सो काळा चष्मा लावून दार उघडत होता. रेजिननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला. रांगेतल्या एका बाईनं आजीला हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "वर काय काय दिसतं हो?"

आजीनं काठी टेकली. रुमाल नीट बांधला. मग काठीनं लेकीकडे दाखवलं.

"हिला विचारा," ती म्हणाली. "हिचं काम आहे ते."

"आज संपलं, आई," रेजिन ओरडली. "ते काम आज संपलं!"

"मग हळू सांग," आजी म्हणाली आणि पुलाकडे चालू लागली.

रांगेतली बाई अजून वाट पाहत होती. रेजिननं डोळे पुसले, छत्री वर धरली, आणि डोंगरावरच्या ढगाकडे हात केला.