तानाजीच्या गळ्यात अडकलेलं गाणं

…तर हां, काल सुपारीपाशी थांबलो होतो. आमच्या औरादकडं बँडवाल्यानं लग्नघरची पान-सुपारी एकदा हातात घेतली, की घरात मयत झाली तरच ती परत जाते. देणारा नवरदेवाचा मामा बीदरचा, वरातबी तिथंच असंल म्हणून तानाजीनं गाव विचारलंच नाही. घेतल्यावर कळलं, वरात मन्नाएखेळ्ळीला!

हा तानाजी आमच्या गल्लीतला, बँडचा गवई. गळा असा, की चरता बैल मान वर करील. त्याच्या बायकोचं, विजयश्रीचं, आधी मन्नाएखेळ्ळीच्या रविकुमारशी ठरलं होतं. साखरपुडा होऊन मोडलं. मोडलं ते मोडलं, पण ह्या बाबानं त्याचं गाणं केलं:

मन्नाएखेळ्ळीच्या वाटंवर कुणाचं गं पाणी प्यालीस?
माझ्या दारी आलीस तरी मागं वळून का पाह्यलीस?

आधी घरात जळून जळून म्हणायचा. मग एका वरातीत माइकवर सोडलं, पोरांनी मोबाईलवर चढवलं, अन् झालं! ते म्हटल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरेना. विजयश्री लग्नाला गेली, की बायका अक्षता टाकायच्या सोडून हिच्याकडं बघायच्या. शेवटी तिनं सांगितलं, "आता पुन्हा म्हणलाव तर मी माहेरी."

म्हणून मन्नाएखेळ्ळीत ह्यानं दुसरीच गाणी लावून धरली. कानडी झालं, दखनी झालं. चौकात पोट सुटलेला एक गडी पुढं आला. नवरदेवाचा थोरला भाऊ, रविकुमारच! बिचाऱ्याला गाणं कुणावर ते ठाऊक नाही.

"अण्णा, आमच्या गावाचं गाणं आमच्याच गावात कामून म्हणंनास?"

तानाजी मागं सरकला, तर मागं जनरेटरची गाडी. बाजूला नाचणारी पोरं. जाणार कुठं? म्हटलं शेवटी तेच गाणं! रविकुमार घामाघूम होईस्तोवर नाचला अन् गळ्यात पडून म्हणाला, "लईच जळलाय रे कुणीतरी!"

तानाजी घरी पोचायच्या आधी ती वरात विजयश्रीच्या मोबाईलवर पोचलेली. मला वाटलं, गेली आता ही. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंगणात भांडी घासायलीय. तानाजी ओट्यावर, चहा निवून गेलेला. मी म्हटलं, "लेका, सोड की ते गाणं आता. काय म्हणाली ती?"

"सोडू कसं, आप्पा? सुपाऱ्या त्याच गाण्याच्या येयलेत. अन् ती माहेरी बी जाईना. म्हणली, 'त्या मन्नाएखेळ्ळीवाल्याचं तोंडबी मी कवाच इसरलते. तुमीच रोज याद करून द्यायलाव. आता थांबू नका, म्हणा.'"