शेडमधलं इंजिन

"मेल्या, भुतासारखा काय येतोस मागून!" त्या गाडीपायी मी दादाला घातलेली ही पहिली शिवी. गंजाडच्या आमच्या अंगणात मी झाडत होते आणि गाडी पाठीशी येऊन उभी, आवाज म्हणून नाही! दादा डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्या शेठकडे ड्रायव्हर, ही शेठची नवी हायब्रिड. आईने तर तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दादा हसत सुटला.

"हिच्यात दोघं राबतात," तो सांगायचा. "हळू चाललो की बॅटरीवरची मोटर, वेग धरला की इंजिन जोडीला. ब्रेक मारला की तीच मोटर वीज बनवून बॅटरीत परत टाकते. आणि बॅटरी उतरली की इंजिन आपसूक सुरू. कुणी सांगायला लागत नाही."

"म्हणजे नवरा दमला की बायको जुंपायची!"

"लग्न होऊ दे तुझं, मग बोल."

२०१७चा मे. शेठ मुलाच्या गाडीतून तलासरीला लग्नाला गेलेले, म्हणून दादा दुपारी घरी जेवायला आला. शेठच्या गाडीवर कोंबड्या चढतील म्हणून ती पेंढ्याच्या शेडमध्ये घातली, पत्र्याचं दार ओढून घेतलं आणि एसी लावून आतच आडवा झाला.

"अरे, गाडी चालू ठेवून?" मी विचारलं.

"इंजिन बंद आहे गं, ऐक की. बॅटरीवर चाललाय एसी."

खरंच काही ऐकू येत नव्हतं.

आमच्या पाड्यावर गाडीचा आवाज म्हणजे माणूस. कोण आलं, कोण निघालं, चुलीपाशी बसून कळतं. इंजिन सुरू झालं म्हणजे कुणीतरी चावी फिरवली, दुसरं काय असणार?

ऊन उतरायच्या आधी शेडमधून इंजिन ऐकू आलं.

"उठला वाटतं पोरगा," आई म्हणाली. "चहा ठेव, नाहीतर तसाच पळेल."

मी चहा ठेवला. हाक मारली. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "आज महाराजांना घाईच नाही," म्हणत मी चहा गाळला.

चहावर साय धरली तेव्हा कप घेऊन गेले. दार ओढलं तर धूर कोंडलेला, डोळे चुरचुरले. सीट मागे टाकून दादा झोपला होता. हलवलं, गालावर मारलं, ओरडले. तो उठला नाही. तेवढ्यात, माझ्या देखत, इंजिन आपसूक सुरू झालं.

त्या आवाजाचा मला संताप येतो, अजून येतो. आईचं वेगळंच. रस्त्यावर कुणाचीही गाडी सुरू झाली की ती आतून म्हणते, "उठला गं. चहा ठेव."

मी ठेवते.