वर्लिन टॉस्केने शब्द मागे घेतला

मोंटानातल्या आमच्या गावात पिस्तूल घ्यायचं तर आधी वर्लिन टॉस्केला विचारायचं, ही रीतच होती. चाळीस वर्षं त्याने बंदुका दुरुस्त केल्या होत्या आणि पिस्तूल पोलादाचंच हवं, हे त्याचं मत पक्कं होतं. पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची बॉडी, मागे घोडाच नाही, नुसता चाप, असलं काही कुणी दाखवलं की तो म्हणे, “जेवणाचा डबा आहे हा. सँडविच ठेव त्यात.”

गेल्या वसंतात डेल्फीन रूडने त्याला गोळीबाराच्या मैदानावर बोलावलं. बासष्ट वर्षांची डेल्फीन शाळेची बस चालवते. नवरा गेल्यापासून गावाबाहेर चौदा मैलांवर एकटी राहते. फोन केला तर शेरीफचा पोलीस पोचायला पाऊण तास लागतो. तिने भाड्याने घेतलेली दोन पॉलिमरची पिस्तुलं टेबलावर ठेवली होती. एक पाचशे डॉलरचं, दुसरं चौदाशेचं.

वर्लिनने हातही लावला नाही. जास्तीचे नऊशे नुसत्या कंपनीच्या नावाचे आहेत, असं सांगून तो उठायला लागला.

डेल्फीन म्हणाली, “माझ्या अंगठ्यांत संधिवात आहे. गोळी चढवायला स्वस्तातल्याची वरची स्लाइड मला मागे ओढवतच नाही. महागाची ओढवते. मग मी काय करू?”

वर्लिन टेबलाशी थांबून पिस्तुलांकडे बघू लागला.

“आणि तुझाही उजवा हात कामातून गेलाय, वर्लिन. बर्फ पडायच्या आधीपासून तू इकडे फिरकला नाहीस. रोज बसमधून दिसतं मला, कुणाची गाडी कुठे उभी असते ते.”

खरंच होतं ते. त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. तो खाली बसला. आधी स्वस्तातलं घेतलं. गोळ्या नीट गेल्या, पण दर वेळी स्लाइड ओढताना त्याचा चेहरा पिळवटत होता. मग महागातलं. चाप हलका, हाताला हिसका कमी. निशाण्याच्या सात लोखंडी तबकड्यांपैकी सहा पडल्या. पिस्तूल रिकामं करून तो कितीतरी वेळ ते उलटंपालटं करत राहिला.

एवढ्यावर मत बदलणाऱ्यातला तो नव्हे. तीन बुधवार दोघांनी मिळून दोन्ही पिस्तुलांतून शेकडो गोळ्या झाडल्या. एकही पिस्तूल अडकलं नाही.

नंतरच्या शनिवारी सकाळी कॅफेत, ज्यांना आयुष्यभर टोमणे मारले त्यांच्यासमोर तो बोलला.

“पाचशेचं बहुतेकांना पुरतं. भरवशाला दोन्ही सारखीच. पण ज्याचा हात दुखतो, त्याचे चौदाशे वाया जात नाहीत. मी न वापरताच बोलत होतो.”

कुणी हसलं नाही. मग न्हावी बर्ल हळूच म्हणाला, “माझ्याकडे आहे ते चौदाशेचं. दोन वर्षं झाली. तुझ्या जिभेच्या भीतीने कपाटात लपवून ठेवलंय.”

वर्लिनचे कान लाल झाले. “दोन वर्षं? मग तेल सुकलं असेल. सोमवारी घेऊन ये, साफ करून देतो.”

डेल्फीनने त्याच दुपारी महागातलं घेतलं. वर्लिनने मात्र अजून घेतलेलं नाही. पोलाद सोडवत नाही म्हणतो. पण दर बुधवारी तो मैदानावर जातो आणि तेच पिस्तूल भाड्याने मागतो.