लिव म्हणजे पुढे लिही

माझी आई धवलारीन होती. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्न लागतं ते धवल्यावर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीन. पुस्तकात तिला धवलारीण म्हणतात, पण आमच्या तोंडी ण बसत नाही. शाळेत ‘पानी’ म्हटलं म्हणून मी हातावर छड्या खाल्ल्या आहेत. तळवलीत आणि आजूबाजूच्या गावांत लग्नाची तारीख ठरवण्याआधी लोक आमच्या ओटीवर येऊन आईला विचारून जात. शेतं सरकारी संपादनात गेली, तिथे कंपन्या आल्या, वडील त्यातल्याच एकीत हेल्पर झाले. आईच्या कामाचं तेवढं संपादन झालं नव्हतं.

ते तिच्या घशाने केलं. आधी आवाज बसला, मग गिळताना दुखू लागलं, मग मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. त्यानंतर आई जगेल, पण बोलणार नाही, असं डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. आईने ते लांबूनच ओळखलं. खाट महिन्याने मिळणार होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी वाशीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. एका सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत थंडगार खोली आणि हिरव्या अक्षरांचे चार पडदे. शिकवायला एकच सर. भाषा होती सी, आणि त्या आठवड्यात धडा चालू होता फाइल तयार करून तिच्यात लिहिण्याचा. आधी सांगायचं फाइल उघड, मग एकेक ओळ तिच्यात सोडायची, शेवटी बंद कर म्हणायचं. न विसरता बंद कर, हे सर दहादा बजावायचे. उघडताना एक अक्षर द्यावं लागे. लिहायची असेल तर डब्ल्यू, एवढं मी वहीत टिपून घेतलं.

बाकीची मुलं आपलं नाव आणि पत्ता फ्लॉपीवर लिहून खूश होती. मला वाटलं, मी आईचे धवले लिहीन.

टेपरेकॉर्डरचा विषय मी काढला होता. आईने तो उडवून लावला. मांडव नाही, नवरी नाही, आणि धवला गायचा म्हणजे अपशकुन. सांगेन, गाणार नाही, म्हणाली. तेही संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, एका दिवशी एकच. ती ओटीवर बसून घोगऱ्या आवाजात ओळी सांगायची आणि मी क्लासमधून आणलेल्या छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घ्यायची. ती थांबली की मीही थांबायची. घोटभर पाणी प्यायली की म्हणायची, “लिव.” या एका शब्दात सगळं आलं. आमच्या घरात लिव म्हणजे पुढे लिही. आधीचं पुसून नव्याने लिही, असा त्याचा अर्थ कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन क्लासला जायची, माझा प्रोग्रॅम चालवायची आणि त्याच एका फाइलमध्ये गाणं टाइप करायची. मशीनवर देवनागरी नव्हती, सगळं इंग्रजी लिपीत. तिथे न आणि ण एकाच अक्षराने लिहायचे. आमच्या बोलीला छडी न मारणारा पहिला मास्तर भेटला म्हणून मी मनात हसले होते. शेवटी पडद्यावर ‘फाइल लिहिली’ अशा अर्थाची ओळ यायची. ती ओळ मीच प्रोग्रॅममध्ये घातलेली. मीच मला दिलेली शाबासकी वाचून मी रोज फ्लॉपी पाकिटात घालायची. फ्लॉपीवरच्या नावांच्या यादीत माझ्या फाइलचं नाव दिसायचं. त्याच ओळीत ती केवढी आहे याचा आकडाही असतो. तो मी एकदाही नीट पाहिला नाही.

घरी आले की आई विचारायची, “मशीनीन गेला ना?” गेला म्हटलं की ती माझ्या हातातून कागद घ्यायची. “मंग यो कागद कनाला?” कशाला ठेवायचा? मांडवातलं गाणं असं पायांत लोळायला नको, असं तिचं म्हणणं. मग कागद चुलीत जायचा. मी अडवलं नाही. उलट बरं वाटायचं, आईने माझ्या विद्येवर एवढा भरवसा ठेवला म्हणून. आणि फाइलमध्ये आहे म्हटल्यावर पाठ करायचे कष्ट मी घेतले नाहीत.

असे तेवीस धवले झाले. चोविसाव्या दिवशी आईला ताप भरला. ओटीवर बसली, तोंड उघडलं, आणि नुसता वारा आला. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी तरीही प्रोग्रॅम चालवला. रोजचा नेम मोडायला नको म्हणून एकच ओळ टाइप केली आणि फाइल बंद केली. त्याच आठवड्यात तिला इस्पितळात नेलं.

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी मी क्लासला गेले तेव्हा पुढचा धडा सुरू झाला होता, फाइल वाचण्याचा. सर म्हणाले, आपापली फाइल उघडून पडद्यावर आणा. मी आणली. एकच ओळ आली.

“आज आय काय बोलली नाय.”

मला वाटलं, वाचण्याचा प्रोग्रॅम चुकला. तीनदा चालवला. सरांनी शेजारी बसून माझा जुना प्रोग्रॅम पाहिला आणि हळू आवाजात सांगितलं, की डब्ल्यूने उघडली की त्या नावाची जुनी फाइल मशीन आधी रिकामी करतं. आहे त्याच्या पुढे लिहायचं असेल तर ए द्यायचा. अशा सगळ्या अक्षरांचा तक्ता बाकीच्यांच्या वहीत पुढच्याच पानावर होता. तो शिकवला त्या दिवशी मी आईबरोबर एक्स-रेच्या रांगेत होते. मी त्या खोलीत सगळ्यांदेखत रडले.

ती ओळ छापून घेऊन मी घरी आले. का, ते सांगता येणार नाही. रिकाम्या हातांनी जायचा धीर झाला नाही, एवढंच. आई घरी आली होती, गळ्याला पट्टी होती. तिने कागद मागितला. तिला अक्षरओळख नव्हती, पण कोरा कागद तिला कळत होता. तिने तो उलटा करून पाहिला. बाकीचे कुठे, असं हाताने विचारलं. मी मान हलवली. नाहीत.

मग तिने चुलीकडे बोट दाखवलं, आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. मी जाळले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती मान हलवत राहिली, मीच, मीच.

तेव्हा मला बोलायला हवं होतं. आई, तुझी चूक नाही, एक अक्षर माझं चुकलं, एवढंच सांगायचं होतं. माझा गळा शाबूत होता. मी तिच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि पाणी आणते म्हणून आत गेले.

ती त्यानंतर दोन वर्षं होती. माझ्या लग्नात धवला शेजारच्या गावच्या बाईने गायला. आई मांडवाच्या कडेला बसून ऐकत होती. मधेच माझी नजर तिच्याकडे गेली, तर ती दोन्ही हात जोडून माझी माफी मागत होती. मी तेव्हाही काही बोलले नाही.