तिच्यासमोर बोलायची भाषा

रविवारी दुपारी आमच्या घरात दोन आवाज असायचे, माझ्या कुकरच्या शिट्ट्या आणि नवऱ्याचा फुटबॉल. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, हातात धरून पळायचा. सांगलीत वाढलेल्या माणसाला त्या खेळाचं एवढं वेड का लागावं हे मला कधी कळलं नाही. चार सेकंद खेळायचं, मग चाळीस सेकंद उभं राहायचं, असा तो खेळ. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "झालं का रे सुरू, की अजून उभेच आहेत?" आणि सोफ्यावरून दोन जण एकदम "शूऽऽ" करायचे. दुसरी आमची मुलगी. २००७ साली ती बारा वर्षांची होती.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात आम्ही आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. जन्म अमेरिकेतलाच. मराठी तिला समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. "जेवायला चल" म्हटलं की "फाइव्ह मिनिट्स, आई." मी चिडायचे, नवरा म्हणायचा, येईल हळूहळू. समजतं तेवढं पुष्कळ आहे, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली होती.

पण तिला मराठी समजतं म्हणजे तिच्यासमोर मनातलं बोलायची सोय उरली नव्हती. ती सोय मी नागपूरच्या मुलींच्या शाळेतून आणली. च ची भाषा. शब्दातलं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. मला म्हणजे चलाम, पाणी म्हणजे चणीपा. शाळेत आम्ही मैत्रिणी बाईंच्या नाकासमोर ती इतक्या वेगाने बोलायचो की बाई नुसत्या बघत राहायच्या. नवऱ्याला ती शिकवायला मला तीन महिने लागले. संगणकाच्या भाषा आठवड्यात शिकणारा माणूस, पण च म्हटलं की त्याची बोबडी वळायची.

पुढे त्याला जमलं आणि मग आमचा सगळा संसार त्या भाषेत चालू लागला. वाढदिवसाची सायकल गॅरेजमध्ये कुठे लपवायची, शेजारच्या मुलीच्या आईवडिलांचं बिनसलंय, टीचरने वर्गात बडबड करते म्हणून चिठ्ठी पाठवलीय, सगळं च मध्ये. ती समोर बसून दुधातलं सिरियल खात असायची. चमचा वाटीवर वाजवत खिडकीबाहेर बघायची. आम्हाला गंमत वाटायची.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात च मध्ये एक मोठी गोष्ट आली. नवऱ्याच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस निघणार होतं आणि ते उभं करायला त्याला विचारलं होतं. पुढच्या जूनमध्ये निघायचं, कायमचं. दिवाळीपर्यंत हो की नाही कळवायचं. मला तर तेव्हाच बॅगा भराव्याशा वाटल्या. सहा-सहा महिने बर्फ बघून माझा जीव उबगला होता. संध्याकाळी सहज चप्पल घालून कुणाकडे जावं, कुणी न सांगता आपल्याकडे यावं, एवढीच माझी हौस होती. नवऱ्याचंही मन होतं. प्रश्न मुलीचा होता. तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, दोघी शाळेच्या बँडमध्ये शेजारी बसून क्लॅरिनेट वाजवायच्या.

"तिला सांगूया का?" नवऱ्याने विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हणाले. "सगळं पक्कं झाल्यावर सांगू. उगाच आत्तापासून रडारड कशाला?"

हे संभाषण अर्थात च मध्ये झालं. जेवणाच्या टेबलावर, तिच्यासमोर.

सप्टेंबरात ती फुटबॉलची भानगड निघाली. या खेळात प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून हातवारे करतात. टोपीला हात, मग कोपर, मग गुडघा, आणि आतल्या खेळाडूंना त्यावरून पुढची चाल कळते. एका नावाजलेल्या संघाचा माणूस समोरच्यांच्या या खुणा कॅमेऱ्यावर टिपताना पकडला गेला. झालं! ऑफिसात, मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेर, किराणा दुकानात, सगळीकडे तोच विषय. आमच्या मराठी मंडळातसुद्धा, जिथे एरवी मोदकांच्या संख्येवरून वाद व्हायचे, तिथे दोन तट पडले.

आमच्या घरात मी एका तटात होते. "चोरी ती चोरी," मी पोळी लाटता लाटता म्हणाले. "त्यात कॅमेरा कशाला आणि डोळे कशाला बघायचे?"

"असं कसं?" नवरा सरसावून बसला. "हे बघ, पोस्टकार्ड उघडंच असतं. पोस्टमनने वाचलं तर त्याला चोर म्हणशील का? पण पाकीट वाफेवर धरून उघडलं तर ती चोरी. हे लोक पन्नास हजार माणसांसमोर हातवारे करतात. ज्याला नुसत्या डोळ्यांनी बघून अर्थ लागला, तो हुशार. खुणा लपवणं हे खुणा करणाऱ्याचं काम आहे."

मुलगी सोफ्यावर पालथी पडून ऐकत होती. ती उठून बसली. "सो इफ यू जस्ट फिगर इट आउट, दॅट्स ओके?"

"ओके म्हणजे काय, कौतुक आहे!"

"अँड इफ यू राइट इट डाऊन?"

"लिहून ठेवायचं?" नवऱ्याने क्षणभर विचार केला. "नाही, ते वाईट. लिहून ठेवणं म्हणजे कॅमेराच की गं."

ती "ओह" म्हणाली आणि परत पालथी झाली. मला वाटलं, मॅच सुरू झाली. मी पोळी उलटली.

त्याच महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची सहल होती. तळ्याकाठचं पार्क, मॅपलची पानं नुकती लाल व्हायला लागलेली, ॲल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेमध्ये पावभाजी. असे दिवस तिथे वर्षाकाठी पंधरावीसच मिळतात आणि माणसं ते वाया घालवत नाहीत. दरवर्षी आईबाप विरुद्ध मुलं असा क्रिकेटचा सामना व्हायचा. त्या वर्षी फुटबॉलचं वारं असल्यामुळे मुलांनी फुटबॉलच हवा म्हणून हट्ट धरला. अंगावर पडायचं नाही, कमरेला जुन्या ओढणीच्या पट्ट्या खोवायच्या, पट्टी ओढली की तो गडी थांबला. नवरा आमचा कप्तान. गुडघ्यांमुळे मला पळता येत नव्हतं, म्हणून मी कडेला उभी राहून प्रशिक्षक झाले.

आमचे सगळे भिडू पंचेचाळिशीच्या आसपासचे, दम लागणारे. मुलं वाऱ्यासारखी पळत होती. मग मी डोकं चालवलं. कुठे जागा मोकळी आहे हे मला बाहेरून दिसत होतं. मी सरळ ओरडले, "चजवीकडेउ चबलां!" उजवीकडे, लांब. आमच्या पिढीत निम्म्या लोकांना शाळेतली च ची भाषा आठवत होती. नागपूरचे एक काका, पोट सांभाळत, उजवीकडे लांब पळाले, नवऱ्याने चेंडू फेकला आणि तो त्यांच्या हातात पडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा डावीकडे. तेव्हाही गुण आमचेच. मला शाळेतल्यासारखं हसू यायला लागलं.

आमची मुलगी त्यांच्या बाजूने खेळत होती. हरायला लागली की तिचं नाक लाल होतं, हे तिचं माझ्यावर गेलंय. मी तिसऱ्यांदा ओरडले आणि माझा शब्द पुरा व्हायच्या आत ती निघाली. काकांच्याही आधी नेमक्या जागी पोहोचली आणि हवेतला चेंडू तिने झेलला. योगायोग असेल म्हणून मी पुन्हा ओरडले, मुद्दाम भरभर. ती पुन्हा तिथेच. पुढच्या खेपेला तर तिने आपल्या भिडूंनाच हाताने दाखवलं, तिकडे जा म्हणून.

काका गवतावर बसकण मारून म्हणाले, "वहिनी, तुमचे सिग्नल लीक झाले हो! काय बाप्पा, घरातच हेर पाळला!"

सगळे खो खो हसले. मुलं जिंकली, त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. ती मात्र हसत नव्हती. तिथून वरून ती माझ्याकडे बघत होती, आणि जिंकायच्या नादात आपण काय करून बसलो हे तिला कळलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

परत जाताना नवरा गाडी चालवत होता. मी मागे वळून विचारलं, "कधीपासून?"

"थर्ड ग्रेड," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

चार वर्षं! मी मनातल्या मनात मागे जाऊ लागले. सायकल तिला आधीच माहीत होती, तरी वाढदिवसाला ती किंचाळली होती, आम्हाला बरं वाटावं म्हणून. टीचरची चिठ्ठी. मैत्रिणीच्या आईबद्दल मी बोललेलं नको नको ते. आणि पुणं. पुण्याशी आल्यावर मी पुढे मोजायचं थांबवलं.

घरी आल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि एक पिवळी वही घेऊन खाली आली. जेवणाच्या टेबलावर तिने ती आमच्यापुढे ठेवली. आधी बाबाकडेच बघितलं.

"फिगरिंग इट आउट इज ओके, राइट?" ती म्हणाली. "बट आय रोट इट डाऊन. सो आय चीटेड. सॉरी."

म्हणजे ती दोन आठवडे हे मनात घेऊन फिरत होती. आमच्या सोफ्यावरच्या न्यायाधीशाने टीव्ही बघता बघता निकाल दिला होता, तो तिने खरा मानला होता.

मी वही उघडली. पहिल्या पानांवर तिसरीतलं मोठं, वाकडं अक्षर. एकीकडे च मधला शब्द, समोर त्याचा अर्थ, सगळं रोमन लिपीत. सायकल, गॅरेज, केक, डॉक्टर. काही ठिकाणी चुकलेलं खोडलेलं. पानं उलटत गेले तसं अक्षर बारीक झालं आणि शब्दांच्या जागी अख्खी वाक्यं आली. मग चणेपु, पुढे पुणे. चनजू, पुढे जून. शाळा सुरू झाली त्या आठवड्यातल्या पानावर माझं एक वाक्य होतं. आपण केव्हा काय बोललो हे माणूस विसरतो, पण ते माझंच होतं, शंका नाही. "दोन दिवस रडेल आणि मग होईल ठीक."

त्याच्याखाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं, फोर डेज.

मला ते पान उलटता येईना. नवऱ्याने खांद्यावरून वाचलं आणि सवयीने, खरंच निव्वळ सवयीने, हळूच मला विचारलं, "चताआ चयका?" आता काय?

उत्तर टेबलाच्या पलीकडून आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने आम्हाला इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं.

"चलाम चचारावि."

मला विचारा.

आम्ही विचारलं. साध्या मराठीत, तिथेच बसून, सहलीची उरलेली पावभाजी गरम करून खाताखाता. तिला यायचं नव्हतं. का नाही ते तिने नीट सांगितलं, अडखळत, निम्मं मराठीत. मग तिने मलाच विचारलं, "पण आई, तुला जायचंय ना? खूप?" तिला सगळंच माहीत होतं, खोटं बोलून उपयोग नव्हता. मी हो म्हणाले आणि रडले. तीही रडली. दिवाळीला नवऱ्याने ‘नाही’ असं कळवून टाकलं. पुण्याला दुसरं कुणी गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, अजून थंडी सुरू झाली की वाटतं. पण तिला विचारलं नसतं तर याहून वाईट वाटलं असतं, हेही खरं.

त्यानंतर घरातली च ची भाषा बंदच पडली. आता ती दुसऱ्या शहरात असते. फोनवर बोलताना आजूबाजूला माणसं असली की तीच एकदम च मध्ये शिरते, इतक्या वेगाने की मला "हळू गं" म्हणावं लागतं. मला ते फार आवडतं.

ती वही माझ्या कपाटात आहे. ते चार दिवस कोणते, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. माझं मीच आठवून बघते. शाळा सुरू झाल्याचा तो आठवडा मला चांगला आठवतो. कुठल्या दिवशी डब्यात काय दिलं, क्लॅरिनेट विसरली म्हणून मी कशी ओरडले, बसपर्यंत सोडायला गेले तेव्हा धुकं होतं. रोज सकाळी ती माझ्यासमोर बसून सिरियल खात होती. तिचे डोळे कसे होते, ते मात्र काही केल्या आठवत नाही.