एका चिऱ्याची उंची

खेडच्या एसटी स्टँडसमोर तिचा बॅनर लागला तेव्हा आम्ही दोघी बारावीत होतो. खेड आमच्या पोफळीपासून काही जवळ नाही. तिथेही तिचं नाव पोचलं याचंच सगळ्यांना अप्रूप. बॅनरवर ती हवेत होती, हात वर, चेंडू बोटांच्या टोकावर, आणि खाली लाल अक्षरांत ‘कोकणची वाघीण’. मी तिच्याच बास्केटबॉल संघात होते. चेंडू तिच्यापर्यंत पोचवायचा एवढंच माझं काम. फोटोच्या कडेला माझं फक्त कोपर आलं होतं.

“कोपर काय झ्याक आलंय गो तुझं,” ती म्हणाली. “सही मागतील लोक.”

शाळा वीजकेंद्राच्या कॉलनीतली. मी खालच्या वाडीतून चढून यायची. माझे बाबा गवंडी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्या शाळेने मला आत घेतलं, पुस्तकं दिली, आज मी पदवीधर आहे ती त्या शाळेमुळेच. हे उपकार मी विसरलेले नाही. पुढचं लिहिताना हात जड होतो तो त्यामुळेही.

ती मूळची बुरोंडीची. वडील जहाजावर. मामा वीजकेंद्रात नोकरीला म्हणून ती कॉलनीत राहून शिकत होती. आठवीत तिने पहिल्यांदा चेंडू हातात घेतला, आणि दोन वर्षांत संध्याकाळी कोर्टाच्या कठड्यावर बसायला जागा मिळेनाशी झाली. उभ्या जागेवरून ती दहा चेंडू टाकायची आणि दहाही जाळीत पडायचे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो इतका फिरला की मुंबईला कामाला असलेले वाडीतले पुरुष गणपतीला आले की आधी तिला बघायला यायचे. “ही इंडिया खेळणार,” असं आमच्या सरांपासून कँटीनवाल्या काकांपर्यंत सगळे म्हणायचे. सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉल ते पुस्तकात बघून शिकवत.

तिचं मात्र इंडियाबिंडिया काही नव्हतं. तिचं गणित साधं होतं. मामा मे महिन्यात निवृत्त होणार आणि क्वार्टर सोडावं लागणार. त्याआधी घाटावरच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात निवड झाली, तर खेळ चालू राहणार, कॉलेजही तिथेच होणार. नाही झाली तर बुरोंडीला परत. तिथे कोर्ट नव्हतं.

आता कोर्टाबद्दल. आमचं कोर्ट पूर्वी खोलगट होतं. पावसात त्यात घोटाभर पाणी साचायचं आणि दिवाळीपर्यंत शेवाळ जायचं नाही. आम्ही आठवीत असताना ते उचलायचं ठरलं. काम बाबांना मिळालं. त्यांनी आमच्याकडे जोत्याला करतात तसंच केलं. जांभ्या दगडाचे चिरे आडवे पसरून एक थर घातला, वर काँक्रीट ओतलं आणि घोटून आरशासारखं गुळगुळीत केलं. त्यानंतर तिथे कधी पाणी उभं राहिलं नाही. उद्घाटनाला बाबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. त्यांना स्टेजवर खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. ती शाल आईने कापूर घालून ट्रंकेत ठेवली.

बारावीच्या जानेवारीत शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात मी एक ओळ वाचली. रिंगची जमिनीपासून उंची दहा फूट. वाचून पुढे गेले, आणि जेवताना पुन्हा आठवली. दुसऱ्या दिवशी बाबांचा टेप दप्तरात घालून नेला. दुपारी कोर्टावर कुणी नसतं. वर्गातलं बाक ओढत नेलं, त्यावर स्टूल ठेवलं, चढले आणि मोजलं. नऊ फूट तीन इंच. दुसऱ्या बाजूचीही तेवढीच. जमीन एका चिऱ्याने वर आली होती आणि खांब होते तिथेच राहिले होते.

घरी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “कोर्ट उचललंत तेव्हा खांब नाही उचलले?”

“मी बोललेलो मुकादमाला. खांब बुटके होतील म्हटलं. तो म्हणाला, पोरांना बरंच, सोपं जाईल.” मग त्यांनी जेवता जेवता माझ्याकडे पाहिलं. “का गो? काय चुकलं काय माझं?”

“नाही,” मी म्हटलं. “असंच.”

निवड चाचणीला तेव्हा पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत तिचा हात सुधारला असता की नाही, मला माहीत नाही. पण मी सरांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळी कॉलनी मोजायला जमली असती आणि पहिला प्रश्न निघाला असता, काम कुणाचं? मला खुर्चीच्या टोकावर बसलेले बाबा दिसत होते. शिवाय मी स्वतःची समजूतही घालत होते. बाहेरच्या सामन्यांत तिचे लांबून टाकलेले चेंडू चुकायचे, हे आम्ही पाहिलं होतं. आम्ही म्हणायचो, घाटातल्या वळणांनी तिचं डोकं धरतं, परकी जागा, वारा. बहुतेक सामने आमच्याकडेच व्हायचे, कारण जवळपास दुसरं धड कोर्ट नव्हतं. म्हणून हा विषय कधी टोकाला गेलाच नाही.

चाचणीला सर तिला घेऊन निघाले आणि सोबत म्हणून मला. तिथे बंदिस्त हॉल होता, लाकडी जमीन. आत गेल्या गेल्या ती वर बघून म्हणाली, “इथली रिंग उंच हाय गो.”

मी म्हटलं, “हॉल मोठा आहे म्हणून वाटतं.”

हे वाक्य मी अजून ऐकते.

पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. दुसराही तसाच. तिसऱ्याला तिने जोर लावला, तो फळीवर जाऊन बाहेर गेला. मागे रांगेतल्या मुलींपैकी एक हसली, “व्हिडिओतली हीच का?” दहातले दोन पडले. पुढे प्रत्यक्ष खेळात ती धावली, तिने समोरच्यांना अडवलं, जवळून दोनदा चेंडू जाळीत टाकला. पण लांबून टाकायची वेळ आली की ती थांबायची आणि चेंडू दुसरीला द्यायची. तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझं काम होतं.

चाचणी घेणाऱ्या बाई सरांना म्हणाल्या, “पाय चांगले आहेत हिचे. हात मात्र चुकीचा बसलाय. लहानपणी कुणी लक्ष दिलेलं नाही.” सर मान खाली घालून ऐकत राहिले.

रिंग बरोबर असती तर ती निवडली गेली असती का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तिथे तिच्याहून उंच मुली होत्या, रोज शिकवणारे प्रशिक्षक असलेल्या. कदाचित नसतीच. पण आमच्याकडे असा विचार कुणी केला नाही. “नुसता बोभाटा होता,” कँटीनमध्ये लोक म्हणू लागले. “व्हिडिओत जोडाजोडी करतात हो.” जे आधी इंडिया म्हणत होते तेच. मे महिन्यात मामाचं सामान टेम्पोत चढलं. ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली. चेंडू तिने शाळेत जमा केला होता.

मी पदवी घेतली, नोकरीला लागले. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्यासाठी गप्प राहण्याचं कारण संपलं, आणि या मार्चमध्ये मी दापोलीहून गाडी धरून बुरोंडीला गेले.

ती अंगणात बांगडे निवडत होती. हात धुऊन आली, मला घरात घेतलं, बाबांची चौकशी केली, गेल्याचं ऐकून डोळे पुसले. “काका मला बघून नेहमी म्हणायचे, उडी मार बिनधास्त, जमीन माझीय.” मग चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. टेपचं, स्टुलाचं, चिऱ्याचं.

तिने विचारलं, “किती कमी?”

“नऊ इंच.”

तिने अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर हवेत धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“आणि हॉलमध्ये मी म्हटलं तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“हो.”

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, तोच तोच भाग पुन्हा पुसला. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, “निवड गेली त्याचं मी सोडलेलं कधीच. पण सहा वर्षं मला वाटायचं, माझा हातच खोटा होता. पहिल्यापासून. लोक बोलायचे ते खरंच.”

तिने उरलेला चहा दोन कपांत ओतला, एक माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा तिथेच ओट्यावर राहू दिला.

“पी,” ती म्हणाली. “पाचची गाडी जाईल तुझी.” आणि अंगणात जाऊन पुन्हा बांगड्यांजवळ बसली.